साडेतीनशे पाहुणे, किती पेट्या?



मागच्या उन्हाळ्यात माझ्या मामाने मला एक हिशोब करायला सांगितला. साडेतीनशे पाहुण्यांच्या रिसेप्शनला दारू किती लागेल, याचा हिशोब.

मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका कामगार वस्तीत समाजकार्य करतो. आमच्या विहारात दर रविवारी सकाळी वंदना होते आणि त्यानंतर दारू सोडलेल्या व सोडू पाहणाऱ्या लोकांची बैठक होते. ती बैठक मी घेतो. समाजशास्त्रात एम.ए. केले आहे. अशा माणसाला घरचे लोक हा प्रश्न विचारतात, यातच आपल्या समाजाच्या आजच्या स्थितीचे अर्धे वर्णन आले. उरलेले अर्धे असे की, मी तो हिशोब करून दिला. तेव्हा "मी ताठ मानेने नकार दिला" अशी ही गोष्ट नाही, हे आधीच सांगतो.

मामा एका कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला आहे. महिन्याला १३ हजारांच्या आसपास हातात येतात. मुलाचे लग्न ठरले. सकाळी ११ वाजता लॉनवर बौद्ध पद्धतीने मंगल परिणय, संध्याकाळी तिथेच रिसेप्शन. मामा वही-पेन घेऊन घरी आला आणि म्हणाला, "तू जयंतीचा हिशोब करतं, पैशाले पैसा जुळवतं. हे एक करून दे. साडेतीनशे मानसं. किती पेट्या लागतीन? मले कमी नाई पडू द्याची."

मी म्हणालो, "मामा, मी रविवारी काय शिकवतो ते तुम्हाला माहीत आहे ना?"

मामा म्हणाला, "माहीत हाय. मी का समोर ठेवतो? मागं व्यवस्था करू."

"मागं व्यवस्था". हा शब्द आपल्या समाजात सर्वांना कळतो. समोर स्टेजवर तथागत आणि बाबासाहेबांची प्रतिमा, मेणबत्ती, पांढरी वस्त्रे, बौद्धाचार्यांचा आवाज. मागे बिछायतवाल्याच्या ट्रकच्या आडोशाला, गाड्यांच्या डिक्कीत, प्लास्टिकच्या ग्लासांची चळत. सकाळी हात जोडून पाचवे शील घ्यायचे आणि संध्याकाळी मागे जायचे. बाबासाहेबांच्या फोटोसमोर पीत नाही, एवढ्यावर आपण समाधानी असतो. जणू बाबासाहेब फोटोला दिसते तेवढेच पाहतात!

तरी मी मामाला लगेच नाही म्हणू शकलो नाही. त्याला कारण आहे.

२०११ची ती रात्र

२०११ मध्ये माझ्या मोठ्या बहिणीचे लग्न झाले. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. आमच्या जिल्ह्यात तेव्हा दारूबंदी नव्हती. बाबांनी "मागची व्यवस्था" बेताची केली होती आणि रात्री दहाच्या आत ती संपली. वरपक्षाकडचे सात-आठ जण खुर्च्या उलट्या करून बसले. म्हणाले, "जेवनार नाई. पोरगी देता अन् दोन पेटीत भागवता?" बाबांनी मला बाजूला घेतले, खिशातले तीन हजार दिले आणि मोटरसायकलवर पाठवले. दुकान बंद झाले होते. एका घरातून दीडपट भावाने बाटल्या आणल्या. मी आणल्या. पाचवे शील मला तेव्हाही पाठ होते.

त्या रात्री बाबा जेवले नाहीत. लग्नात पंगत चांगली झाली, एका मुलीने भाषण सुंदर केले, हे आज कुणालाही आठवत नाही. दारू कमी पडली होती, हे मात्र चौदा वर्षांनंतरही एखाद्या बारशात निघतेच.

म्हणून "मले कमी नाई पडू द्याची" हे मामाचे वाक्य मला कळले. मामाला दारू पाजायची हौस नव्हती. त्याला भीती होती. ज्या माणसाच्या बापाला गावात उंबऱ्याबाहेर बसवून वरून पाणी ओतले जायचे, त्या माणसाला आपल्या दारातून कुणी तोंड वाकडे करून जाऊ नये असे वाटते. या भावनेची चेष्टा करणाऱ्यांनी आधी आपल्या आजोबांची हकीकत ऐकावी. प्रश्न एवढाच आहे, की हा मान आपण कोणत्या मापाने मोजायचा? खंब्याच्या?

हिशोब क्रमांक एक

मी हिशोब मांडला. चळवळीतल्या तरुणांनी तो नीट वाचावा, कारण असे हिशोब आपल्या घराघरात होतात, फक्त कागदावर येत नाहीत.

साडेतीनशे पाहुणे. मामाच्या मते पिणारे शंभर. रिसेप्शन चार तासांचे, पण पिणे तीन तास. ठोकताळा असा, की पिणारा माणूस पहिल्या तासाला दोन आणि पुढे दर तासाला एक घेतो. म्हणजे माणशी चार पेग. मोठा पेग ६० मिलीचा. ७५० मिलीच्या खंब्यात असे साडेबारा पेग बसतात. शंभरांपैकी ७० व्हिस्कीवाले धरले, तर ७० गुणिले ४ गुणिले ६०, म्हणजे १६,८०० मिली. सुमारे साडेबावीस खंबे. पेटी १२ची, म्हणून दोन पेट्या, २४ खंबे. बिअरवाले ३०, माणशी ६५० मिलीच्या तीन बाटल्या, ९० बाटल्या, म्हणजे आठ पेट्या, ९६ बाटल्या. डीजेवाले, आचारी, बिछायतवाले यांना देशीची एक पेटी, १८० मिलीच्या ४८ बाटल्या.

भाव आमच्या इथले मधल्या दर्जाचे धरले. खंबा ८०० रुपये, २४चे १९,२००. बिअर १८०, ९६चे १७,२८०. देशी ७५, ४८चे ३,६००. सोडा, पाणी, बर्फ, ग्लास आणि चखना ७,०००. एकूण ४७,०८० रुपये.

मामाच्या साडेतीन महिन्यांच्या मजुरीएवढी ही रक्कम. पैसे कुठून येणार होते? मामीच्या नावावर गटाकडून ५० हजार उचलायचे ठरले होते. चोवीस हप्ते, महिन्याला २,६५० रुपये. एकूण फेड ६३,६००. पिणार शंभर पुरुष, सही एका बाईची. हप्त्याच्या दिवशी वसुलीवाला दारात उभा राहील तेव्हा त्या शंभरांतला एकही तिथे नसेल.

कायद्याचीही गोष्ट मामाला सांगितली. महाराष्ट्रात दारू पिण्यासाठी परवाना लागतो. कार्यक्रमात दारू द्यायची तर राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून त्या दिवसाचा तात्पुरता परवाना घ्यावा लागतो. २१ वर्षांखालच्याला बिअरही देता येत नाही आणि २५ वर्षांखालच्याला व्हिस्की किंवा देशी देता येत नाही. मामा हसला. म्हणाला, "लग्नात कोन जन्मदाखला पाह्यते?"

आणि "बिअर म्हणजे हलकी, पोरांना चालते" असे जे म्हणतात त्यांनी हे लक्षात घ्यावे. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीच्या मोठ्या पेगमध्ये साधारण २० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते. ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या एका ६५० मिलीच्या बाटलीत साधारण ४० ग्रॅम असते. म्हणजे पोराच्या हातातली एक बाटली ही काकाच्या हातातल्या दोन मोठ्या पेगांएवढी आहे.

हिशोब क्रमांक दोन : मामीची यादी

कागद घेऊन मी मामाच्या घरी गेलो. मामा ड्युटीवर होता. मामी तांदूळ निवडत होती. तिने विचारले, "किती झाले?" मी आकडा सांगितला. ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "शंभर कोनी सांगतले? यादी आन."

एम.ए.ला आम्हाला सर्वेक्षणाची पद्धत शिकवली होती. नमुना निवड, प्रश्नावली, मुलाखत. माझ्या सगळ्या शिक्षणात मी एवढे पक्के सर्वेक्षण पाहिले नव्हते, जेवढे मामीने तांदूळ निवडता निवडता केले. मी पत्रिकांच्या यादीतले एकेक नाव वाचत गेलो आणि ती सांगत गेली. "हा पेते. हा नाई पेत. हा रोज पेते. यानं सोडली. याचं पोरगं आता लागलं हाय." एकदाही ती अडली नाही. कोणता पुरुष किती पितो हे त्या पुरुषापेक्षा वस्तीतल्या बायकांना जास्त अचूक माहीत असते. कारण रात्री दार त्यांना उघडावे लागते.

साडेतीनशेत बायका आणि मोठ्या मुली १४०, लहान मुले ६०, पुरुष १५०. या १५० पुरुषांची वाटणी अशी झाली.

नेहमी पिणारे ३८. त्यांतले ११ रोज पिणारे.
दारू सोडलेले ९.
सोळा ते वीस वर्षांची पोरे, ज्यांनी नुकतीच चव घेतली आहे किंवा घ्यायच्या बेतात आहेत, १६.
एरवी पीत नाहीत, पण लग्नात फुकट मिळाली तर घेणारे ३४.
अजिबात न घेणारे ५३.

मामाचा शंभरचा आकडा चुकला नव्हता. ३८, ९, १६ आणि ३४ मिळून ९७ होतात. पण या ९७ मध्ये खरे पिणारे ३८च. बाकीचे ५९ आपल्या बाटलीने तयार होणार होते.

मी नुसत्या ३८ जणांचा हिशोब पुन्हा मांडला. ३० व्हिस्कीवाले, १० खंबे, ८,००० रुपये. ८ बिअरवाले, दोन पेट्या, ४,३२० रुपये. एकूण १२,३२०. पहिल्या हिशोबात पाहुण्यांच्या व्हिस्की-बिअरचा खर्च होता ३६,४८०. फरक २४,१६० रुपयांचा. म्हणजे जे पितात त्यांना पाजायला बारा हजार, आणि जे पीत नाहीत त्यांना प्यायला लावण्यासाठी चोवीस हजार! कर्ज काढून!

मित्रहो, "लोकांची मागणी असते, काय करणार" असे आपण म्हणतो. ही मागणी नाही. १५० पुरुषांतले ५३ अजिबात घेत नाहीत, ३४ जणांना एरवी आठवणही होत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ वर्षांवरील पुरुषांत दारू पिणाऱ्यांचे प्रमाण सुमारे १४ टक्के आले होते. लोक विचारणाऱ्याला खरे सांगत नाहीत असे धरून ते दुप्पट करा. तरी न पिणारेच बहुसंख्य राहतात. आपल्या लग्नात मात्र व्यवस्था अशी असते, जणू पुरुष म्हटला की तो पितोच. न पिणारा कोपऱ्यात, आणि पिणारा मानाचा पाहुणा.

त्या नऊ जणांच्या यादीत एक नाव मामाच्या धाकट्या भावाचे होते. माझा लहान मामा. रविवारच्या बैठकीत पहिल्या रांगेत बसणारा. लग्नाच्या दिवशी त्याला दारू सोडून चौदा महिने पूर्ण होणार होते. हिशोब क्रमांक एकमध्ये मी त्याच्यासाठीही चार पेग धरले होते. माझ्याच हाताने. तो आकडा खोडताना मला स्वतःची लाज वाटली.

आक्षेप आणि उत्तरे

हे मी चळवळीतल्या काही मित्रांना सांगितले, तेव्हा तीन आक्षेप आले. तिन्ही महत्त्वाचे आहेत.

पहिला आक्षेप : "मोठ्या लोकांच्या हॉटेलात कॉकटेल चालते, ती प्रतिष्ठा. आमच्या लॉनमागे चालली की ती दारूपार्टी. मग उपदेश आम्हालाच का?" दुटप्पीपणा खरा आहे. जयंतीच्या मिरवणुकीत एक माणूस झिंगलेला दिसला की सगळ्या समाजावर शिक्का मारणारे लोक स्वतःच्या घरच्या बारचा फोटो हौसेने टाकतात. त्यांच्या प्रमाणपत्रासाठी आपल्याला दारू सोडायची नाही. पण त्यांचा ढोंगीपणा दाखवून आपला हप्ता कमी होत नाही. त्यांच्याकडे प्यायल्यानंतरही जमीन उरते, दुकान उरते, ओळख उरते. आपल्याकडे पहिल्या पिढीची नोकरी आणि दुसऱ्या पिढीची फी एवढेच भांडवल आहे. १८९९ मध्ये थॉर्स्टाइन व्हेब्लेन यांनी दिखाऊ उपभोगाची मांडणी केली. ऐतखाऊ वर्ग उधळपट्टी करून आपली पत दाखवतो आणि खालचे वर्ग त्याची नक्कल करतात, असे त्यांनी दाखवले. मामाच्या वहीत मला तेच दिसले. ज्यांनी आपल्याला लुटले त्यांच्या उधळपट्टीची नक्कल, आणि तीही व्याजाने.

दुसरा आक्षेप माझ्यासोबत एम.ए. केलेल्या मित्राचा : "दारू-मांस सोडणे हे तर संस्कृतीकरण. एम. एन. श्रीनिवास यांनी कूर्गवरच्या १९५२च्या ग्रंथात हेच सांगितले ना? तू वरच्या जातीची नक्कल करायला सांगतोस." मी त्याला म्हणालो, नक्कल कशाची आहे ते कारणावरून ठरते. सोवळे म्हणून, शुद्ध दिसावे म्हणून, वरच्याने जवळ करावे म्हणून कुणी दारू सोडत असेल तर ते संस्कृतीकरण. आमच्या रिसेप्शनला मटण होते, भरपूर होते आणि चविष्ट होते. आमचा प्रश्न विटाळाचा नाही. पाचव्या शीलात शब्द आहे 'पमाद', म्हणजे बेसावधपणा. ज्या पदार्थाने माणसाची सावधता जाते त्यापासून दूर राहा, एवढे साधे कारण तिथे आहे. देवाचा कोप नाही, नरक नाही, जात नाही. १४ ऑक्टोबर १९५६ला नागपूरला आणि १६ ऑक्टोबरला आमच्या चंद्रपूरला बाबासाहेबांनी लाखोंना दीक्षा दिली. बावीस प्रतिज्ञांमध्ये दारू न पिण्याची प्रतिज्ञा घातली ती वरच्यांसारखे दिसावे म्हणून नाही. ज्या समाजाला पुढची शंभर वर्षे लढायचे आहे त्याला बेसावध राहणे परवडणारे नाही म्हणून, असा मी तिचा अर्थ लावतो. आणि ही परंपरा त्याहून जुनी आहे. पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना जोतीराव फुले यांनी १८८० साली शहरातल्या दारूच्या दुकानांना लेखी विरोध केला होता. सत्यशोधक समाजाने १८७३ पासून कमी खर्चाची लग्ने लावली. लग्नातले कर्ज आणि दारू, दोन्हींवर बोट आपल्याच माणसाने ठेवले होते.

तिसरा आक्षेप : "हा व्यक्तिस्वातंत्र्याचा प्रश्न आहे." बरोबर आहे. मी पोलीस नाही आणि मला पोलीस व्हायचेही नाही. आमच्या जिल्ह्याने बंदी पाहिली आहे. २०१० मध्ये चिमूरहून हजारो बाया पायी नागपूरच्या विधानभवनावर गेल्या. १ एप्रिल २०१५ पासून जिल्ह्यात बंदी लागू झाली आणि २०२१ मध्ये उठली. त्या सहा वर्षांतल्या लग्नांतही मी दारू पाहिली. फक्त ती लांबून यायची आणि महाग मिळायची. त्यामुळे बायांचा लढा चुकीचा ठरत नाही. संविधानाच्या अनुच्छेद ४७ मध्ये राज्याला दिलेला निर्देशही चुकीचा ठरत नाही. पण कायदा दुकान बंद करतो, "मागची व्यवस्था" आपणच बंद करायची असते. कुणी आपल्या पैशाने आपल्या घरी काय प्यावे हा त्याचा प्रश्न. पण कर्ज मामीच्या नावावर, निमंत्रण सगळ्या कुटुंबाचे, आणि खर्च ठरवणार मामा एकटा, तर स्वातंत्र्य कुणाचे? यादीतल्या १४० बायकांना आणि ६० लेकरांना कुणी विचारले होते?

पुढे काय झाले

दोन्ही कागद मी मामासमोर ठेवले. त्याने वाचले. दुसऱ्या कागदावर आपल्या धाकट्या भावाचे नाव पाहिले, घडी घातली आणि खिशात ठेवली. तीन दिवस काही बोलला नाही. चौथ्या दिवशी फोन केला. "मागं काई नाई ठेवाचं. पन लोकाले काय सांगू?"

मामीने फोन हातातून घेतला. म्हणाली, "मी सांगतो. माह्या नावाचं कर्ज हाय, मीच सांगतो." आणि तिने खरेच सांगितले. ज्येष्ठ नातेवाइकांना एकेकाला फोन केला. "जेवाले या, सगळे या, मागं काई नाई हाय." गटाचे ५० हजार उचलले नाहीत.

सगळे गोड झाले असे मी लिहिणार नाही. मामाचे साडू जेवण न करता गेले, अजूनही बोलत नाहीत. एकजण माझ्यासमोर म्हणाला, "भिकारी झाला काय बे हा?" मामाचा चेहरा मी पाहिला. २०११ मध्ये बाबांचा झाला होता तसाच. नवरदेवाच्या मित्रांनी स्वतःच्या गाडीत स्वतःची बाटली आणली होती. मला दिसली, मी काही बोललो नाही. बोलायला हवे होते की नको, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही.

पण कैरीचे पन्हे, मठ्ठा आणि आईस्क्रीम मिळून सहा हजारांत झाले, आणि पहिल्यांदा मी आमच्या लग्नात बायकांना रात्री साडेनऊपर्यंत निवांत बसलेल्या पाहिले. एरवी आठ वाजले की त्या पोरांना आवरायला लागतात, कारण मागून माणसे यायला लागतात. त्या दिवशी त्या गप्पा मारत होत्या.

लहान मामा संध्याकाळभर पन्ह्याच्या टेबलामागे उभा होता. ग्लास भरून देत होता. कुणी सांगितले नव्हते, स्वतःच उभा राहिला. साडेनऊला मला म्हणाला, "चाल, मले घरी सोडून दे." गाडीवर मागे बसला आणि निम्म्या रस्त्यात म्हणाला, "मागं असती तं मी गेलो असतो."

एवढेच म्हणाला.

तरुणांसाठी चार गोष्टी

एक. तुमच्या घरात लग्न असेल तर हिशोब तोंडी होऊ देऊ नका. कागदावर मांडा. यादी घ्या आणि ती घरातल्या बाईसमोर वाचा. तिला विचारल्याशिवाय आकडा ठरवू नका.

दोन. कर्ज कुणाच्या नावावर आहे ते त्याच कागदावर लिहा. व्याजासकट फेड लिहा. भाषणापेक्षा हा एक आकडा जास्त काम करतो.

तीन. यादीत रोज पिणारे जे असतील, त्यांची टिंगल करू नका, त्यांना लग्नात अपमानित करू नका. व्यसन हा आजार आहे. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केली तर झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो. त्याला डॉक्टरकडे न्या, सरकारी रुग्णालयात न्या, सोबत बसा. आणि ज्यांनी सोडली आहे त्यांना लग्नात काम द्या. त्यांना रिकामे सोडू नका.

चार. "कमी पडली" असे म्हणणाऱ्याला घाबरू नका. त्याला उत्तर द्यायला घरातला एक तरी तरुण बापाच्या शेजारी उभा राहिला पाहिजे. २०११ मध्ये माझे बाबा एकटे उभे होते. मी मोटरसायकलला किक मारली आणि बाटल्या आणायला गेलो. त्यांच्या शेजारी उभा राहिलो असतो, तर कदाचित त्या रात्री ते जेवले असते.

सकाळी ज्या तोंडाने पंचशील म्हणतो, संध्याकाळपर्यंत ते तोंड तसेच राहिले पाहिजे, एवढीच मागणी आहे. पुढच्या महिन्यात वस्तीत अजून दोन लग्ने आहेत. एका घरून मला हिशोबासाठी बोलावणे आले आहे. मी जाणार आहे. यावेळी यादी आधी मागणार आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!